तिसऱ्या उमेदवाराची मतं
(दहावी १९९८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण)



"शाळेच्या आठवणी सांग," असं मला बजावण्यात आलंय. पण डबे, छड्या, गॅदरिंग हे सगळं सकाळपासून सांगून झालं. म्हणून मी एकाच दिवसाची गोष्ट सांगते. नागरिकशास्त्राचे सर पहिल्या रांगेत बसलेत. आकडे चुकले तर उभं करतील. नशीब, उभी मी आधीच आहे.

जुलै १९९७. आपण दहावीत होतो. परिपाठात ठळक बातम्या वाचायची पाळी त्या आठवड्यात माझी होती. राष्ट्रपतिपदाचा निकाल लागला होता. के. आर. नारायणन यांना ९,५६,२९० आणि टी. एन. शेषन यांना ५०,६३१ मतं. मी नऊ लाखांचे नव्वद लाख केले आणि सगळं मैदान हसलं. मैदानावर मोठी माणसं मिळून तीनचारच होती, पण मला सगळं जालना हसल्यासारखं वाटलं.

नंतर तासाला सरांनी विचारलं, "आपल्याकडचं कोणी कधी या निवडणुकीला उभं राहिलंय?" मागच्या बाकावरून एक नाव आलं ते तुम्हाला आठवत असेल, ते इथे सांगत नाही. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती व्हायला अजून दहा वर्षं होती. कोणालाच उत्तर येईना. मग सरांनी फळ्यावर लिहिलं: चिंतामणराव देशमुख, १९६९.

सर मूळचे महाडकडचे. इतकी वर्षं जालन्यात काढूनही त्यांच्या बोलण्यात कोकण अधूनमधून डोकावतंच. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्याचं. १९१२ ला मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, आयसीएस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. देशाचे अर्थमंत्री झाले, १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले आणि १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला. त्या राजीनाम्यामुळे देशमुख एका जिल्ह्याचे न राहता सगळ्या मराठी माणसांचे झाले, असं सर म्हणाले.

१९६९ च्या मे महिन्यात राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, अपक्ष व्ही. व्ही. गिरी आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्यावर त्र्याहत्तर वर्षांचे देशमुख. सर तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्यांच्या गावात साप्ताहिक एसटीनं यायचं आणि चहाच्या हॉटेलात वाचून वाचून त्याच्या घड्या फाटायच्या. त्याच दिवसांत माणूस चंद्रावर उतरला होता. पण त्या पानांवर, सर सांगत, चंद्रापेक्षा नाते गाव मोठं होतं. देशमुखांचं जन्मघर, त्यांची शाळा, त्यांचं संस्कृत, दर अंकात काही ना काही. सरांना वाटलं, आपला माणूस आता राष्ट्रपती भवनात जाणारच. दोन्ही पक्षांची मिळून मतं किती, हे मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.

आणि दुसरीही एक गोष्ट नव्हती, जी मला आज जास्त खटकते. १९ जुलैला इंदिराजींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. स्वतंत्र पक्षाचा त्याला कडाडून विरोध. आणि त्यांचा उमेदवार कोण? रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली तेव्हा तिचा गव्हर्नर असलेला माणूस, आणि इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आयुर्विमा सरकारकडे आला तेव्हाचा अर्थमंत्री! केवढा प्रश्न होता तो विचारायला. गावचं वर्तमानपत्र जन्मघराच्या ओसरीवर रमलं, आणि सर म्हणतात तेव्हा आम्हालाही तेच हवं होतं.

२० ऑगस्टला निकाल लागला. पुढचा अंक सरांनी उलटसुलट चाळला. आतल्या पानावर चार ओळी होत्या. ते तडक आपल्या मास्तरांकडे गेले नि म्हणाले, "पेपरनं फसवलं." मास्तर म्हणाले, "पेपर काय म्हणाला होता? आपला माणूस म्हणाला होता. निवडून येईल असं कुठे म्हणाला?"

हे सांगून सर थांबले नाहीत. "आता मतमोजणी करू," म्हणाले. आपल्या वर्गाचा मॉनिटर निवडायचा राहिलाच होता. तीन उमेदवार, त्यातली एक मी. चिठ्ठीवर पहिली पसंती, दुसरी पसंती लिहायची. सत्तेचाळीस मतं, जिंकायला चोवीस हवीत. पहिल्याला वीस, दुसरीला अठरा, मला नऊ.

मी बाद. डोळ्यांत पाणी आलं होतं, ज्यांना दिसलं त्यांनी आज कबूल करायला हरकत नाही. पण सरांनी माझ्या नऊ चिठ्ठ्या माझ्याच हातात दिल्या. "आता यांच्यावर दुसरं नाव कोणाचं आहे ते बघ आणि ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात टाक." मी एकेक उघडत गेले. सात तिकडे, दोन इकडे. मागे असलेली पुढे गेली, २५ विरुद्ध २२. ती आपली मॉनिटर आज तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि अजून सगळ्यांना गप्प करते आहे.

पुढे इंजिनिअरिंगला अल्गोरिदम शिकवायला लागले तेव्हा मला नवीन असं काही वाटलं नाही. सगळ्यात कमी मतं असलेला काढा, त्याच्या चिठ्ठ्या वाटा, बहुमत झालं का बघा, नाहीतर पुन्हा तेच. हा माझा पहिला प्रोग्रॅम, आणि त्यात मीच डिलीट झाले होते.

१९६९ मध्ये हेच झालं. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कोणाकडेच नव्हती. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दुसरी पसंती मोजायची वेळ आली ती तेवढी एकदाच. छोटे उमेदवार गेले, शेवटी देशमुखांच्या चिठ्ठ्या उघडल्या. त्यातला मोठा वाटा रेड्डींकडे गेला. ८७,९६७ चं अंतर १४,६५० वर आलं आणि गिरी ४,२०,०७७ वर निवडून आले. त्या दुसऱ्या पसंतीसाठी काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाकडे गेले, तोच मुद्दा करून इंदिराजींची बाजू सद्सद्विवेकाच्या मताची हाक देत राहिली, आणि वर्ष संपायच्या आत काँग्रेस फुटली. नात्याचा माणूस जिंकणार कधीच नव्हता. पण सगळ्यांचं लक्ष त्याच्याच चिठ्ठ्यांवर होतं. ही बातमी चार ओळींची नव्हती.

आता माझी बातमी. २००८ मध्ये कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. इथल्या एका पेपरात फोटोसकट आलं: जालन्याच्या कन्येची भरारी. मी तिकडेच मोठ्या पदावर रुजू झाले असं त्यात होतं. असं कोणीच सांगितलं नव्हतं. मायेपोटी वाढलं असणार. बाबांनी ते लॅमिनेट करून बैठकीत लावलं. मंदी आली, प्रोजेक्ट बंद पडला, मी परत आले आणि पाच महिने पुण्यात कामाशिवाय बसून होते. ते कुठे छापून येणार? दिवाळीला घरी आले की पाहुणे त्या कात्रणापुढे उभे राहायचे आणि बाबा माझ्याकडे न बघता "हो, हो" म्हणायचे. एकदा मी ते काढून ठेवलं. सकाळी पुन्हा जागेवर होतं. बाबांशी यावर मी कधी बोलले नाही. ते गेले, कात्रण अजून आहे.

त्या पाच महिन्यांत मी सरांना फोन केला होता. सर, तुम्हाला आठवत नसेल. मी रडगाणं गायले, आणि तुम्ही विचारलंत, "नोकरी गेली की काम गेलं? काम येतंय ना अजून?" आणि मग तुमच्या नेहमीच्या सवयीनं देशमुखांवर घसरलात. निवडणूक हरल्यावर पाच वर्षांनी त्या माणसानं आत्मचरित्र लिहिलं, ते वाच, म्हणालात. वाचलं, सर. उशिरा, पण वाचलं.

परवा शाळेत आले तेव्हा बातमीफलक पाहिला. काच नवीन आहे, आत जुनं वेळापत्रक आहे. मी १९६९ चा निकाल एका कागदावर छापून आणलाय, तिन्ही नावं, दोन्ही फेऱ्या. शेजारी आपल्या वर्गाचा निकालही आहे: २०, १८, ९. खाली आजचाही एक हिशोब लिहिलाय: राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मत १७५ चं, म्हणजे आपल्या जिल्ह्याचे पाच आमदार मिळून ८७५. मुलं पडताळून बघतील.

फलकाची किल्ली कोणाकडे असते, तेवढं सांगा.