कोठीतले धान्य व गळ्यातले मणी
(देवगाव फाटा येथे पालकांच्या सभेत केलेले भाषण)



कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आपण ऐकलेच आहे. त्यांची गाथा पुष्कळ गातात. पण चूल कोणी पेटती ठेवली हे विचारणारे थोडे. म्हणून आज आम्ही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी बोलणार.

१९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह झाले. तेथे सर्व जातींची पोरे एका पंक्तीस जेवत, अस्पृश्य म्हणून ज्यांस दूर ठेवीत त्यांचीही. लक्ष्मीबाई तर सोवळे पाळणाऱ्या जैन घरातल्या! त्यांस हे सोपे गेले असेल काय? तरी सोवळे सुटले, आणि त्या सगळ्या पोरांच्या आई झाल्या.

भाऊराव मदतीसाठी गावोगाव हिंडत; इकडे कोठी रिकामी होई. एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी असता धान्य संपले, तेव्हा बाईंनी मंगळसूत्रही दिले व पोरांस जेवू घातले.

आयाबायांनो, त्या मण्यांचे मोल आम्ही तुम्हांस काय सांगावे? आम्ही तर पगारी मास्तर. पण आपल्याकडे लेकीच्या लग्नातल्या दागिन्यांस सावकार चालतो, आणि तिच्या वह्यांस पैसा नसतो. सातवी झाली की ती कापूस वेचायला!

लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले १९४७ साली. भाऊरावांनी ते पाहिले, बाईंनी नाही.