फ्रीजमधला चिंचोका

मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. अशा माणसाने आज फ्रीजच्या दुरुस्तीवर बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे झालं, त्यावर माझ्याच्याने कविता झाली नाही. म्हणून साधं सांगतो.

आम्ही कासाला राहतो, डहाणू तालुक्यात. महामार्गावरच्या चारोटी नाक्यावरून जव्हारच्या दिशेला वळलं की थोड्या अंतरावर आमचं गाव. जवळून सूर्या नदी वाहते. जुलैत इथे पाऊस लागला की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. हे सगळं पुढे कामाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

माझी अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. उपाशीपोटी तपासलेली साखर एरवी एकशेचाळीसच्या आसपास असायची. जुलैत ती दोनशे झाली, मग अडीचशे, मग दोनशे नव्वद. इंजेक्शन एकदाही चुकलं नव्हतं, मी स्वतः देतो. तेव्हा मी सरळ निष्कर्ष काढला, अम्मी चोरून खाते. डहाणूकडचा माणूस म्हटला की घरात चिकू असणारच. मी चिकूची टोपली उचलून माळ्यावर ठेवली आणि नको ते बोललो. "बेटा, मी नाही खाल्लं," एवढंच ती म्हणाली आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी डोस वाढवायला पेन उघडलं होतं. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "बाटली कुठे ठेवता?"

"फ्रीजमध्ये. अगदी आत, मागच्या बाजूला. जास्त गार राहावी म्हणून."

"फ्रीजमध्ये कोथिंबीर कशी राहते?"

प्रश्न ऐकून मी जरा हसलो. पण खरं होतं. पंधरा-वीस दिवसांपासून कोथिंबीर काचेसारखी कडक निघत होती आणि बाहेर ठेवली की काळी पडत होती. टोमॅटो दगड झाले होते. आणि आम्ही घरात कौतुक करत होतो की फ्रीज काय मस्त गार करतोय!

बाईंनी बाटली मागवून घेतली. अम्मीचं इन्सुलिन दुधाळ रंगाचं. तळहातांत हलकेच फिरवलं की ते सगळं सारखं पांढरं व्हायला हवं. आमच्या बाटलीत काचेला आतून बारीक कण चिकटले होते. मी ते रोज पाहत होतो आणि मला काहीच वाटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, इन्सुलिनला २ ते ८ अंश मानवतं. उकाड्यात ते हळूहळू उतरतं, पण एकदा गोठलं की गेलंच, पुन्हा वितळवून उपयोग नाही. म्हणजे मी रोज दोन वेळा अम्मीला जवळजवळ पाणीच टोचत होतो. आणि त्या दिवशी डोस वाढवला असता आणि पुढे नवी, चांगली बाटली उघडली असती, तर साखर एकदम खाली येऊन भलतंच काही झालं असतं. हा विचार मला रात्री आला आणि मग झोप लागली नाही.

आमच्या फ्रीजच्या दारावर आतल्या तापमानाचा आकडा दिसतो. तो महिनाभर ८ दाखवत होता. मला वाटे, फ्रीज कमी गार करतोय. म्हणून मी बटण दाबून दाबून तो आणखी थंडावर आणला होता. बाई म्हणाल्या, "लसींच्या फ्रीजमध्ये आमच्या सिस्टर वेगळा थर्मामीटर ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ वहीत तापमान लिहितात. तुम्ही दारावरच्या आकड्यावर विसंबलात."

डहाणूहून एक मेकॅनिक आला. त्याने सेन्सर काढला, मीटर लावला आणि म्हणाला, सेन्सर बरोबर आहे, बोर्ड गेला, साडेचार हजार. मी पैसे काढायच्या बेतात होतो. तेवढ्यात नाक्यावर एसी-फ्रीजची कामं करणारा पोरगा पाऊस थांबेपर्यंत आमच्या ओटीवर उभा राहिला. इथल्याच वारली पाड्यावरचा, आयटीआय झालेला. मला चाचा म्हणतो. म्हणाला, "बोर्ड बदलू नका. उद्या सकाळपर्यंत मला द्या."

त्या रात्री त्याने एवढंच केलं की मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवला आणि त्यात काचेचा थर्मामीटर बुडवला. नुसत्या हवेत ठेवला तर दार उघडताच पारा हलतो, पाणी मात्र रात्रभराचं तापमान धरून ठेवतं. सकाळी पेल्यावर बर्फाची साय होती, थर्मामीटर शून्यावर आणि दारावर आकडा ८. दोघांपैकी एक खोटं बोलत होता.

आता हा सेन्सर काय असतो? जुन्या फ्रीजमध्ये १ ते ७ आकड्यांचं गोल बटण असायचं. त्याच्यामागे बारीक नळी, तिच्यात वायू. गार झालं की वायू आकसायचा, खटका पडायचा आणि कॉम्प्रेसर थांबायचा. नव्या फ्रीजमध्ये ते काम चिंचोक्याएवढा प्लॅस्टिकचा मणी करतो. त्याला दोन वायरी असतात. गार होईल तसा तो विजेला जास्त अडवतो आणि गरम होईल तसा कमी. बहुतेक धातूंचं याच्या नेमकं उलटं असतं. फॅरडेने १८३३ साली एका चांदीच्या संयुगात हा उलटा स्वभाव नोंदवला होता. स्वीडनच्या सेल्सियसने १७४२ साली आपलं मोजमाप मांडलं तेव्हा उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० म्हटलं होतं, लोकांनी ते पुढे फिरवलं. आमचा चिंचोका अजून त्या जुन्याच चालीवर आहे. गारठा वाढला की आकडा वाढतो.

पोराने फ्रीजचा प्लग काढला, आतलं झाकण उघडून सेन्सर सोडवला आणि बायकोकडे खलबत्त्यात कुटलेला बर्फ मागितला. पेलाभर चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळलं. हे मिश्रण शून्य अंशाला राहतं, त्याला कुठल्या यंत्राची साक्ष लागत नाही. त्यात जुना सेन्सर आणि त्याच जातीचा नवा सेन्सर शेजारी शेजारी बुडवले आणि पाच मिनिटं थांबला. दोन्हींवर १० किलोओहम लिहिलेलं, म्हणजे २५ अंशाला १०. नव्याने बर्फात ३२ च्या वर दाखवलं. जुना २२ वरच अडकला. "चाचा, २२ म्हणजे याच्या हिशेबाने ८ अंश," तो म्हणाला. दारावरचा आकडा तोच होता.

मग पहिल्या मेकॅनिकला तो बरोबर का वाटला? कारण त्याने सेन्सर टेबलावर, खोलीच्या हवेत मोजला. तिथे फरक किलोओहमच्याही आत होता. पोराने सांगितलेलं मी माझ्या भाषेत सांगतो. मण्याच्या टोकाला बारीक चीर पडली होती. बर्फ धरतो, वितळतो, पुन्हा धरतो, त्यात ती रुंदावली आणि ओल आत शिरली. त्या ओलीतून विजेला एक चोरवाट मिळाली. शेताच्या पाटाला उंदराने बीळ पाडावं तसं. पाट भरून वाहत असताना बिळातून गेलेलं पाणी कोणाच्या लक्षात येत नाही, पाट आटला की कळतं. हा चिंचोका उबेत जवळजवळ खरं बोलायचा, थंडीत खोटं. आणि फ्रीजला त्याची साक्ष थंडीतलीच हवी असते.

बोर्डाचीही परीक्षा त्याने घेतली. सेन्सरच्या जागी २० किलोओहमचा साधा रेझिस्टर जोडून फ्रीज सुरू केला. दारावर १० आला. यायला हवा होता तोच. बोर्ड बिचारा शहाणा होता, त्याला जे सांगितलं जाई त्यावर तो इमानाने चालत होता. म्हणूनच कॉम्प्रेसर रात्रंदिवस पळत राहिला.

नवा सेन्सर अडीचशे रुपयांत बसला. मजुरी तो घेत नव्हता, मी खिशात कोंबली. आता मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला आणि थर्मामीटर कायम असतो. इन्सुलिन झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीपासून लांब. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी घाबरू नये, असं डॉक्टरबाई सांगतात. वापरात असलेली बाटली साधारण २५ ते ३० अंशांच्या खाली महिनाभर टिकते, नेमके दिवस वेष्टनावर पाहावेत. गोठलेल्या बाटलीपेक्षा सावलीतल्या माठाजवळची बाटली केव्हाही बरी.

नव्या बाटलीवर, डोस न वाढवता, अम्मीची साखर दोन आठवड्यांत दीडशेवर आली. मी माळ्यावरून टोपली खाली काढली. चिकू अर्थातच सडले होते. जुना सेन्सर मी फेकायला निघालो, तर अम्मीने तो मागून घेतला. तिच्या सुपारीच्या डब्यात तो आता अडकित्त्याशेजारी असतो. मी तिच्या ताटाकडे जरा रोखून पाहिलं, की ती काही न बोलता डबा उघडते आणि तो माझ्यापुढे ठेवते.