काटा कोण तपासणार?

पाटण, जावळी, शिराळा या भागातलं कुणीच मुंबईला ओझी उचलायला गेलं नाही, असं गाव एकेकाळी शोधावं लागे. मस्जिद बंदरच्या बाजारात टोळी करून राबणाऱ्या या माणसांना मालक असा नव्हताच. व्यापारी म्हणे, हे मुकादमाचे. मुकादम म्हणे, मी त्यांच्यातलाच. पाठीवर पोतं पडून माणूस जायबंदी झाला की दोघंही हात झटकत.

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मालक कोण, या वादात हा कायदा अडकून पडला नाही. व्यापाऱ्याने नाव नोंदवायचं, टोळीने नाव नोंदवायचं, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळात भरायची. पगार, प्रॉव्हिडंट फंड, रजेचे पैसे मंडळामार्फत. पुढे माथाडीच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, हे खरं आहे. पण त्यासाठी कायद्याला बोल लावायचं कारण नाही.

आता सांगलीत विश्रामबागला किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर पाठीला पेटी लावून ऑर्डरची वाट बघणारी पोरं पाहा. कंपनी म्हणते, ते आमचे भागीदार. ऑर्डर कुणाला, किती अंतराला किती पैसे, इन्सेंटिव्ह कुणाचा बुडाला, सगळं अ‍ॅप ठरवतं. देशात अशी कामं करणारे 2020-21 मध्ये 77 लाख असावेत, असा नीती आयोगाचा अंदाज होता. राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला, तो आपल्या माथाडीच्याच वळणाचा: नोंदणी, मंडळ, प्रत्येक व्यवहारावर शुल्क. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कंपनीच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के घेण्याची तरतूद आहे.

या शुल्कातून विम्याची सोय होईल. पण मुकादम निदान गावचा असे. जत्रेत गाठून त्याला जाब विचारता येई. इथे रात्रीत अ‍ॅपवरची आयडी ब्लॉक होते आणि मदतीच्या चॅटवर तेच ते साचेबंद उत्तर येत राहतं.

मोजणी दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे ऊसपट्ट्यात फार समजावून सांगायला नको. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याचा जीव त्या आकड्यात अडकतो. काटामारीविरुद्ध इथे आंदोलनं झाली, आणि गंमत अशी की बरेचसे कारखाने सहकारी, म्हणजे कागदोपत्री आपलेच! गाळपाची यंत्रं कशी चालतात, हे कुणी विचारलं नव्हतं. मागणी एवढीच होती की काटा वैधमापनवाल्यांनी तपासावा आणि बाहेरच्या काट्यावरचं वजन मान्य व्हावं. अ‍ॅपवाले म्हणतात, आमचं सूत्र हे व्यापारी गुपित आहे. असू दे. पोराला सूत्र नको आहे. त्याच्या नावावर काय मोजलं आणि कशाचे पैसे कापले, तेवढं हवं.

शेजारच्या कर्नाटकाने 2025 च्या कायद्यात या दिशेने पाऊल टाकलं. अ‍ॅप काम कशावरून वाटतं आणि कशावरून जोखतं, ते कामगाराला सांगायचं. काढायचं तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची नोटीस. युरोपीय संघाचा 2024 चा निर्देश आणखी पुढे जातो: खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा.

तरीही माझी एक शंका राहते. आपापल्या मोबाइलवर आलेली माहितीची चार पानं दिवसभर गाडी मारून थकलेला पोरगा वाचणार कधी, आणि वाचून भांडणार कुणाशी? शेतकऱ्यालाही काटा स्वतः उघडून बघायला कुणी सांगत नाही. म्हणून महाराष्ट्राने कायदा करताना माथाडी मंडळाची रचना पुढे न्यावी. त्या मंडळात सरकार, मालक आणि कामगार असे तिघेही बसतात. नव्या मंडळात संगणक जाणणारा चौथा बसवा आणि शुल्क गोळा करण्याबरोबर अ‍ॅपचा हिशेब तपासण्याचा अधिकारही मंडळाला द्या. तक्रार नोंदवायला मात्र मुंबई गाठावी लागू नये; सांगली-साताऱ्याच्या कामगार कार्यालयात ती घेतली जावी, आणि तिचा निकाल लागेपर्यंत आयडी चालू राहावी.