इंग्रजी वाक्याची वाट मराठीतून



महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाऊ लागली. तरीही माध्यमिक शाळेत मिश्र वाक्य आले की पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. अडचण शब्दांपेक्षा त्यांच्या जागेची असते.

मराठीत विभक्तिप्रत्यय नाते सांगतात. ‘रामाने गोविंदाला पाहिले’ आणि ‘गोविंदाला रामाने पाहिले’ यांचा अर्थ एकच. इंग्रजीत नावांची अदलाबदल होताच पाहणाराच बदलतो. तेथे जागा हाच प्रत्यय.

गौण वाक्याचेही तसेच आहे. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे’ या वाक्यात ‘जो’ आणि ‘तो’ ही जोडी आहे. ‘द बॉय हू केम यस्टरडे इज माय ब्रदर’ यात ‘तो’साठी निराळा शब्द नाही, गौण वाक्य नामाला लागून मधे बसते. ‘इज’च्या आधी ‘ही’ घालणारा विद्यार्थी मंद नसतो. तो मराठीचा नियम इमानाने पाळत असतो.

प्रधान वाक्य व गौण वाक्य तो मराठीच्या तासाला शिकतोच. म्हणून दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मेळ घालावा. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून प्रधान वाक्याखाली एक व गौण वाक्याखाली दोन रेघा ओढाव्यात. यास निराळा निधी लागत नाही. ज्या पालकांना खाजगी शिकवणी परवडत नाही, त्यांच्या मुलांना शाळेतील तास हाच आधार आहे. तो आधार भक्कम करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.