धातूवरील अस्थिलेप

वृद्धापकाळी कधी पाय घसरण्याचे निमित्त होते, तर कधी संधिवाताने सांधाच झिजून जातो आणि खुबा निकामी होतो. अशा रुग्णास पुन्हा चालते करण्यासाठी शल्यविशारद मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवितात. परंतु धातू हाडाला परका तो परकाच. दांडा बसविणे निराळे आणि तो वर्षानुवर्षे घट्ट राहणे निराळे. तो हलू लागला, की पावलागणिक कळ येते आणि थकलेल्या देहावर दुसरी शस्त्रक्रिया ओढवते.

इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनी 1962 साली जी पद्धत सिद्ध केली, तीत दांडा आणि हाड यांच्यामध्ये ॲक्रिलिक सिमेंट भरलेले असते. ही पद्धत आजही प्रचारात आहे. 1985 साली लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी सिमेंट वगळून दांड्यावर हायड्रॉक्सिॲपटाइटचा लेप दिला. नाव उच्चारावयास जड खरे, पण वस्तू परकी नव्हे. कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या याच जातीच्या खनिजाने मनुष्याच्या हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भार घडलेला असतो. म्हणूनच भोवतालच्या पेशी अशा लेपावर नवे हाड रचू लागतात.

हा लेप चढवावयाचा कसा? पाट्याला टाकी लावावी, त्याप्रमाणे टायटॅनियमचा पृष्ठभाग प्रथम कठीण कणांच्या माऱ्याने खरबरीत करतात. मग आर्गॉन वायूतून विजेचा प्रखर झोत खेळवून प्लाझ्माची ज्योत निर्माण करतात. तिच्या गाभ्याचे तापमान 10,000 अंश सेल्सिअसच्याही वर जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,500 अंशांचा! तीत खनिजाची भुकटी सोडली, की कण निमिषार्धात वितळतात, धातूवर आपटून चपटे होतात आणि थरावर थर बसत जातो. मिलिमीटरचा दहावा-विसावा हिस्सा जाडी झाली, की काम पुरे.

खरी मेख येथेच आहे. ज्या अग्नीवाचून लेप चढत नाही, तोच अग्नी खनिजाचा मूळ स्वभाव बिघडवितो. अतितापाने त्याचे विघटन होऊन निराळी फॉस्फेटे, प्रसंगी कळीचा चुनाही तयार होतो. शिवाय वितळलेला कण थंड धातूवर इतक्या झपाट्याने गोठतो, की अणूंना रांगेत बसण्यास अवसरच मिळत नाही. स्फटिकाऐवजी काचेसारखा पदार्थ उरतो. हा भाग शरीरातील द्रवात लवकर विरघळतो. थोडा विरघळावा हे इष्टच, कारण त्यातून नव्या हाडाला द्रव्य मिळते. फार विरघळला तर लेपाचे पापुद्रे सुटतात. 2008 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठीच निदान 45 टक्के स्फटिकता आणि 15 मेगापास्कल बंधबल यांची अट होती.

फर्लाँग यांच्या दांड्यांनी दोन दशके उत्तम साथ दिल्याच्या नोंदी आहेत. मात्र स्वीडनमधील 4,772 खुब्यांच्या नोंदी तपासून 2011 साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने लेपाच्या पुरस्कर्त्यांची थोडी निराशाच केली असेल. एकाच बनावटीचे लेप दिलेले आणि न दिलेले दांडे दहा वर्षांपर्यंत सारखेच टिकल्याचे त्यात आढळून आले.