पगार माणसाचा की मुलखाचा?

पत्रिकेत विषय छापला आहे तो ‘देशातली आणि देशादेशांमधली विषमता’. त्यातला पहिला अर्धा तुम्हाला पाठ आहे. वरच्या 1 टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा 22 टक्क्यांवर वाटा, कुझनेट्सचा उलटा यू, पिकेटीचा जाडजूड ग्रंथ. या मंचावर ते सगळं होऊन गेलं असणार. (हशा) मी दुसऱ्या अर्ध्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथे आहे. ब्रँको मिलानोविच या अर्थतज्ज्ञाने जगभरच्या घरगुती उत्पन्नाच्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा असं दिसलं की माणसामाणसांच्या उत्पन्नातल्या फरकाचा अर्ध्याहून अधिक भाग, तो माणूस कोणत्या देशात राहतो एवढ्यावरूनच सांगता येतो. शिक्षण, कष्ट, हुशारी हे सगळं उरलेल्या भागात दाटीवाटीने बसवायचं. न्यूयॉर्कमधल्या न्हाव्याची कात्री नाशिकच्या न्हाव्याच्या कात्रीहून वेगाने चालत नाही, तरी कमाई कित्येक पट. इथे स्वस्ताई आहे, असं कोणी म्हणेल. ती हिशेबात धरली तरी दरी कमी होते, बुजत नाही. न्यूयॉर्कच्या न्हाव्याला पैसे देणारं गिऱ्हाईक भरपूर यंत्रं, अखंड वीज आणि वेळेवर निकाल देणारी न्यायालयं असलेल्या अर्थव्यवस्थेत कमावतं, आणि केस कापायला बाहेरून फारसं कोणी येऊ शकत नाही. माल सरहद्द ओलांडतो, भांडवल तर रातोरात ओलांडतं, अडवला जातो तो माणूस. म्हणून आजच्या जगातल्या विषमतेचं सर्वांत मोठं एकच कारण सांगा म्हटलंत, तर मी सरहद्द सांगेन. या सभागृहातल्या बऱ्याच जणांना हे पटायला हवं. एच-वन-बी व्हिसाच्या 85 हजार जागांसाठी दरवर्षी ज्यांची घरं देव पाण्यात घालून बसतात, ते तुम्हीच! (हशा, टाळ्या)

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: माणसं येऊ दिली, तर तिथल्या गरिबाची मजुरी पडेल. याची एक परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली आहे. 1980 च्या एप्रिलमध्ये कॅस्ट्रोने मारिएल बंदर उघडलं आणि ज्याला जायचं त्याने जावं असं जाहीर केलं. काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्यूबन होड्यांतून फ्लोरिडात उतरले, त्यांतले निम्मे मायामीतच राहिले. शहरातले कामकरी एका फटक्यात 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये मायामीची अटलांटा, ह्यूस्टन अशा शहरांशी तुलना केली. मजुरीवर म्हणावा असा परिणाम दिसेना, बेकारीवरही नाही. बाजारात हात वाढतात तशी तोंडंही वाढतात. आलेला माणूस घर भाड्याने घेतो, जेवतो, त्यातून दुसऱ्याला काम मिळतं. पण गोष्ट इथे संपत नाही. जॉर्ज बोर्हास हे लहानपणी स्वतः क्यूबातून आलेले अर्थतज्ज्ञ. त्यांनी तीच आकडेवारी पुन्हा उकरली आणि शालेय शिक्षणही पुरं न झालेल्या पुरुषांची मजुरी चांगलीच घसरली होती असं मांडलं. त्यावर प्रत्युत्तर आलं की हा गट पाहणीत फार छोटा आहे आणि त्याच वर्षांत त्यात कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं आहे, म्हणजे घसरण मजुरीची नसून नमुन्याची असेल. वाद मिटलेला नाही. माझा कल कार्ड यांच्याकडे आहे, आणि तो त्यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं म्हणून नाही... अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. म्हणजे चीनचा हत्तीएवढा मुद्दा आता वाटेतच सोडावा लागणार. (हशा) थोडक्यात, चीन आणि भारत वाढल्यामुळे गेल्या तीसेक वर्षांत देशादेशांमधली दरी आटली, देशांच्या आतली बऱ्याच ठिकाणी रुंदावली, हे मला मान्य आहे. आटली म्हणजे संपली नव्हे.

खरा कठीण आक्षेप घरचा आहे. पाटण्याहून मुंबईला यायला व्हिसा लागत नाही, तरी महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न बिहारच्या चौपटीहून जास्त. सरहद्द नाही आणि दरी आहे, मग माझ्या सिद्धांताचं काय? याचं उत्तर आकडा कसा बनतो यात आहे. दरडोई उत्पन्न मुलखाचं मोजतात, तिथे जन्मलेल्या माणसांचं नाही. दरभंग्याचा सुतार मुंबईत येऊन दुप्पट-तिप्पट कमावू लागला की ती कमाई महाराष्ट्राच्या खात्यात जमा होते, बिहारच्या सरासरीत तो उरतच नाही. बिहारात जन्मलेल्या सगळ्यांचं उत्पन्न, ते कुठेही राहोत, एकत्र मोजा. दरी काहीशी कमी भरेल. आता सभागृहात जरा शांतता पसरली आहे. व्हिसाच्या वेळी टाळ्या होत्या! मी कोणाला चिमटा काढत नाही, पण कॅलिफोर्नियात जो न्याय आपल्या मुलाला हवा, तोच दादर स्टेशनावर उतरणाऱ्याला लागू होतो. आणि नुसतं हलता येणं पुरतं असंही मी म्हणत नाही. बीडहून कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी जोडी गावापेक्षा जास्त कमावते, पण मुकादमाची उचल डोक्यावर असते आणि पोरांची शाळा मागे राहते. अलीकडे रेशनकार्ड माणसाबरोबर राज्याबाहेर जाऊ लागलं आहे. मत आणि शाळेतली जागा अजून गावातच अडकून आहे. या दोन्हींविषयी पाच पानांचं टिपण केलं होतं, पण अध्यक्ष आता घड्याळाकडे नाही, थेट माझ्याकडे पाहत आहेत.