जिव्हेचा लगाम कोणाच्या हातीं?



भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ बहुधा मिल्लचा ग्रंथ काढून बसतात. ग्रंथ थोर आहे. परंतु धाराशिव जिल्ह्यांतील माणसानें त्यासाठीं इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. या जिल्ह्यावरून १९२९ ते १९४९ या वीस वर्षांत जें गेलें, तेंच या प्रश्नाचा विचार करावयास पुरेसें आहे.

निजामी राजवटींत १९२९ सालीं एक परिपत्रक निघालें. 'गश्ती निशाण ५३' या नांवानें तें मराठवाड्यांत कुप्रसिद्ध झालें. राजकीय स्वरूपाची सभा भरवावयाची तर आधीं सरकारची परवानगी काढली पाहिजे, असा त्याचा मतलब. वरवर पाहतां यांत बंदी कोठेंच नाहीं; फक्त विचारावयाचें आहे. पण ज्याच्या कारभाराविषयीं बोलावयाचें, त्यालाच विचारावयाचें! अशा निर्बंधांची परंपरा संस्थानांत त्याहूनहि जुनी होती, आणि म्हणूनच हैदराबादी प्रजेच्या राजकीय परिषदा १९२३ सालीं काकिनाड्यास, पुढें मुंबईस व पुण्यास, आणि १९३१ सालीं अकोल्यास, म्हणजे चारहि वेळां परमुलखांत भरल्या. स्वतःच्या घराविषयीं बोलावयाचें तर शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बोलावें, अशी ही अवस्था. आमच्या लोकांना सोलापूर जवळ. त्या सोलापुरांत १९३० सालीं इंग्रज सरकारनें लष्करी कायदा पुकारला होता. तरीहि तें शहर ज्यांना मोकळ्या हवेचें वाटावें, त्यांच्या घरची हवा कशी असेल याची कल्पना करावी.

सभेचें दार बंद झालें म्हणजे बोलणें दुसऱ्या दारानें आंत येतें. याच जिल्ह्यांतील हिप्परगें या खेड्यांत १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिचे मुख्याध्यापक पुढें स्वामी रामानंद तीर्थ या नांवानें सर्व संस्थानास परिचित झाले. त्यांच्या स्टेट काँग्रेसवर १९३८ सालीं, ती रीतसर जन्मास येण्यापूर्वींच, बंदी घालण्यांत आली. बारशाआधींच निघालेला हा हुकूम १९४६ पर्यंत टिकला.

आतां याच जिल्ह्याची दुसरी बाजू पाहा. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतच होतें. तेथें वकिली करणारा कासिम रझवी १९४६ च्या सुमारास इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी झाला आणि रझाकार दलाचें नेतृत्व त्याच्याकडे आलें. वक्तृत्व त्याला वश होतें. त्याच्या सभांवर सभा झाल्या. त्यांना कधीं परवानगीची अडचण पडल्याचें दिसत नाहीं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनीं संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें लिहिलें. असें लिहिणारे हात तोडण्याची भाषा रझवीनें जाहीर सभेंत केली, असें सांगितलें जातें. आणि २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्रीं हैदराबादेंत शोएबुल्लांना गांठून ठार करण्यांत आलें. मारेकऱ्यांनीं त्यांचा हात तोडला होता.

हीं दोन्हीं मतेंच होतीं, असें म्हणणारा कोणी विद्वान भेटला तर मी त्याला एवढेंच विचारीन कीं, शोएबुल्लांचा लेख वाचून वाचकास काय करावयाचें होतें? विचार करावयाचा होता. रझवीचें भाषण ऐकून उठणाऱ्यांच्या हातीं मात्र शस्त्रें होतीं. मत कडू असेल, राजास अप्रिय असेल, कोणाच्या श्रद्धेस झोंबणारें असेल. तें खोडून काढण्यास सवड असते. ज्या शब्दामागून उत्तर देणारा माणूसच उरत नाहीं, त्याला मत म्हणण्याची माझी तयारी नाहीं. निजाम सरकारजवळ लगाम नव्हता असें नव्हे. तो भलत्याच तोंडाला घातलेला होता.

पुढचें सांगणें अधिक जड आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गावर आलें, आणि १७ तारखेस संस्थानानें शरणागति पत्करली. रझाकारांच्या जुलमांतून लोक सुटले. परंतु त्यानंतरच्या दिवसांत, ज्यांचा रझाकारांशीं कांहीं संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवरहि सूड उगविला गेला. पंडित नेहरूंच्या सरकारनें पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांस पाहणीस पाठविलें. संस्थानभर निदान २७ ते ४० हजार माणसें मेलीं असावींत, असा त्यांचा अंदाज. सर्वांत अधिक हानि झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं; तो लोकांच्या दृष्टीस पडण्यास कित्येक दशकें लोटलीं.

तेव्हांच तो छापला असता तर आग पुन्हां भडकली असती, असें समर्थन करतां येईल. १९४९ सालापुरतें मी तें मान्यहि करीन. पण आग विझून पिढी उलटली तरी दार लावूनच ठेवणें, हें त्या गश्तीचेंच दुसरें रूप नव्हे काय? पहिल्या दाराआड बहुसंख्य प्रजेचें गाऱ्हाणें कोंडलें होतें, दुसऱ्या दाराआड अल्पसंख्यांचें.

१९५० च्या घटनेच्या १९ व्या कलमानें भाषणस्वातंत्र्य दिलें. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनें त्याच्या मर्यादांत सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्यास चिथावणी हीं कारणें घातलीं, आणि निर्बंध 'वाजवी' असावेत असेंहि म्हटलें. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत भेद केला व पहिल्या दोन गोष्टी, कितीहि अप्रिय असल्या तरी, संरक्षणास पात्र ठरविल्या. ही रेघ मला योग्य वाटते. 'सार्वजनिक सुव्यवस्था' या शब्दांची मात्र धास्ती वाटते. कारण ते फार लवचीक आहेत, आणि गश्ती काढणाऱ्यांनींहि विचारल्यास तेच पुढें केले असते.

१९४८ सालीं दहा-बारा वर्षांचीं असलेलीं मुलें आज नव्वदीच्या घरांत आहेत. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगें, कळंब, परांडें येथें आपल्या ओळखींत असें कोणी असेल, तर वही घेऊन त्यांच्याकडे जावें. एका आळींतलें ऐकून झालें कीं दुसऱ्या आळींतहि जावें, आणि जें ऐकावें तें कापाकापी न करतां उतरून घ्यावें. फार दिवस उरलेले नाहींत.